वानराचे उदाहरण

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बालाघाटच्या मंडळीतील एका घरी लग्नाच्या बोलणीसाठी आम्ही सात-आठ जण बसलो होतो. मुलगी विधवा. नवरा तीन वर्षांपूर्वी कावीळ होऊन वारला. पदरात चार वर्षांचा मुलगा. स्थळ वारासिवनीकडचे. मुलगा शाळामास्तर, वय पस्तीस, पहिलेच लग्न. त्याला मुलगी पसंत होती आणि तिचे लेकरूही त्याला जड वाटत नव्हते. बोलणे जवळजवळ जमत आले होते. तेवढ्यात मुलाचे मामा, शिकलेसवरलेले, वाचनाचा नाद असलेले गृहस्थ, घसा खाकरून म्हणाले, “सगळं ठीक आहे, पण शास्त्राची एक गोष्ट सांगतो. आपल्या कान्ह्याच्या जंगलात वानरांचा अभ्यास झालेला आहे. टोळीवर नवा नर आला की तो आधीच्याची तान्ही पोरं ठेवत नाही, मारून टाकतो. सिंहाचंही तसंच. हा निसर्गाचा कायदा आहे. माणूस त्यातून सुटला असं कोणी समजू नये. पोराला आजोळी राहू द्या, मग पुढचं बघू.”

आत स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज चालला होता, तो थांबला.

मी मुलीच्या बाजूने, मंडळीतला एक वडीलधारा म्हणून बसलो होतो. मी काहीच बोललो नाही, आणि बोलणी त्या दिवशी तेथेच राहिली. गप्प बसण्याचे कारण भीड नव्हे. मामांनी वानरांविषयी जे सांगितले ते खरे आहे हे मला ठाऊक होते, आणि खऱ्या गोष्टीला उत्तर काय द्यावे हे त्या क्षणी सुचले नाही. योसेफाचे नाव घेऊन मला त्यांना निरुत्तर करता आले असते. पण त्यांनी वानराचे उदाहरण टाकावे आणि मी त्यावर पवित्र शास्त्रातले उदाहरण टाकावे, याला विचार म्हणत नाहीत. तो पत्त्यांचा डाव झाला. तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. प्राण्यांची वागणूक पाहून माणसाविषयी काही म्हणता येते काय? आणि येत असेल तर किती?

प्रथम वानरांची हकीकत सांगतो. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे हे वानर आपल्या सर्वांच्या परिचयाचे. कवेलू फोडतात, आंब्याचा मोहर ओरबाडतात, आणि तरी शनिवारी त्यांना कोणी दगड मारीत नाही. फिलिस जे या अमेरिकन बाईंनी १९५८ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशातील कौकोरी गावी आणि बस्तरमधील ओरछा येथे त्यांचे निरीक्षण केले. त्यांना दिसलेली वानरे बहुतेक शांत होती. तान्हे पिल्लू आईच्या हातून दुसऱ्या मादीकडे, तिच्याकडून तिसरीकडे असे दिवसभर फिरते, जणू सगळ्या मावश्याच, हे त्यांनी नोंदवून ठेवले. पुढे क्योतो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा १९६१ पासून धारवाडजवळच्या जंगलात वानरे पाहत होते. तेथे बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला, जुन्या नराला हाकलले, त्यांतला एक टोळीचा धनी झाला आणि थोड्याच दिवसांत टोळीतली पिल्ले चाव्यांनी मेली. जोधपूरचे एस. एम. मोहनोत यांनीही असेच पाहिले व १९७१ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सारा हर्डी ही तरुण संशोधिका माउंट अबूला आली. तिचे पुस्तक १९७७ साली निघाले.

हर्डीबाईंनी दिलेले कारण थोडक्यात असे. एका टोळीत बहुधा एकच मोठा नर असतो आणि त्याची सत्ता थोडे दिवस टिकते. अंगावर पिणारे पिल्लू असेपर्यंत मादी पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लू मेले की लवकर राहते. म्हणून जो नर आल्याबरोबर परक्याची पिल्ले मारतो त्याची स्वतःची संतती अधिक होते, आणि ती वागणूक पिढ्यान् पिढ्या टिकते. नराने असा काही हिशेब मनात केलेला असतो असे नव्हे. हिशेब उत्क्रांतीचा, नर केवळ चावतो.

यावर मोठा वाद झाला. त्याच फिलिस जे, ज्या पुढे डॉल्हिनो या नावाने लिहीत, आणि त्यांच्या बाजूचे इतर म्हणाले की हा निसर्ग नव्हे, हा बिघाड आहे. गर्दी झाली, माणसांनी खाऊ घातले, जंगल तोडले, म्हणून वानरे अशी वागू लागली. म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. आणि नेमके येथेच आमचे जंगल कामास आले. कान्हा हे मंडला व बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले. पॉल न्यूटन यांनी तेथील वानरांचा अभ्यास केला आणि १९८६ साली लिहिले की या माणसांनी फारसे न छेडलेल्या जंगलातही पिल्ले मारण्याचा प्रकार होतो. मग १९९९ साली नेपाळातील रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतून काढलेल्या डीएनएवरून दिसले की मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

इथवर मामांचे खरे. पण एका प्राण्यापासून ‘कायदा’ कसा निघतो?

प्राण्यांची उदाहरणे देऊन बोध करणे ही माणसाची जुनी खोड आहे. पंचतंत्र त्यावरच उभे आहे. नीतिसूत्रे आळशाला मुंगीकडे पाठवितात. रशियाचे क्रोपोटकिन यांनी १९०२ साली एक सबंध ग्रंथ लिहून प्राणी एकमेकांना किती साह्य करतात हे दाखविले, तर दुसऱ्यांनी त्याच सृष्टीतून नखे आणि दात तेवढे वेचले. सृष्टी एवढी मोठी आहे की ज्याला जे हवे ते त्यात सापडते. मामांना त्या दिवशी मुलाला आजोळी ठेवणारा प्राणी हवा होता. त्यांना रानकुत्री आठवली नाहीत. कान्ह्यातच त्यांचे कळप आहेत, आणि त्यात एका मादीच्या पिल्लांसाठी कळपातली इतर कुत्री शिकारीचे मांस आणून ओकतात. मला ती आठवायला हवी होती असे वाटेल. पण त्याने एवढेच झाले असते की वानरावर रानकुत्रा पडला असता.

उदाहरण देणे निराळे आणि तुलना करणे निराळे. तुलना करणारा आवडीचा एक प्राणी निवडीत नाही. तो मिळतील तितके घेतो, नावडतेही घेतो, आणि विचारतो, की कोणत्या परिस्थितीत कोणती वागणूक दिसते? मुक्कीच्या दारातून आत गेलात तर हे काही अंशी डोळ्यांनी दिसते. सरईच्या दाट झाडीत भेकर एकटे भेटते. चौशिंगाही एकटा, फार तर जोडीने. मोकळ्या कुरणावर चितळांचे मोठमोठे कळप. भेकर लाजाळू आणि चितळ मिलनसार असे आपण म्हणतो. पण पी. जे. जार्मन यांनी १९७४ साली आफ्रिकेतल्या ७४ जातींच्या हरणवर्गीय प्राण्यांची अशी मांडणी केली की लहान अंगाचे, झाडीत राहणारे, निवडक पाला खुडणारे ते एकटे किंवा जोडीने. मोठ्या अंगाचे, मोकळ्यावर गवत चरणारे ते कळपात. स्वभावाच्या मागे पोट आणि जागा उभी असते.

पाखरांतही हे दिसले. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांची घरटी पाहून दाखवून दिले की घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की मादी येते, पसंत करते, आणि तो नर पुढे दुसरे घरटे विणायला घेऊन दुसरी मादी आणतो. (बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपण सर्वांनी ते श्रेय मादीला दिलेले आहे. कविता त्याने लहान होत नाही. पण माणूस पाखरात आपलेच घर कसे पाहतो याचा तो चांगला दाखला आहे.) पुढे जॉन क्रूक यांनी या कुळातल्या सुमारे ९० जाती तुलनेसाठी घेतल्या व १९६४ साली लिहिले की जंगलात किडे खाणाऱ्या जाती बहुधा जोडीने, एकनिष्ठ राहतात; मोकळ्या माळावर दाणे टिपणाऱ्या थव्याने राहतात आणि त्यांचे नर अनेक माद्या करतात. किडे वेचायचे तर दोघांनी खपावे लागते. दाणा मुबलक असला की एकटी आईही पिल्ले वाढवू शकते.

पण येथे एक फसगत आहे, आणि मामांच्या ‘सिंहाचंही तसंच’ या शब्दांत ती होती. एका आजोबांच्या दहा नातवांना पानतंबाखूची सवय असली, तर पानतंबाखू आणि त्यांच्या धंद्याचा संबंध सिद्ध करायला ते दहा साक्षीदार होत नाहीत, एकच होतो. सवय घरातून आली आहे. १८८८ साली लंडनला एडवर्ड टायलर यांनी निरनिराळ्या समाजांच्या विवाहपद्धतींची तुलना वाचली, तेव्हा फ्रान्सिस गाल्टन यांनी उठून हाच आक्षेप घेतला, की हे समाज एकमेकांपासून स्वतंत्र आहेत कशावरून? प्राण्यांच्या बाबतीत त्यावर पक्का उपाय १९८५ साली जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी दिला. वंशवृक्ष समोर ठेवायचा आणि जाती न मोजता, ती वागणूक वृक्षाच्या कोणकोणत्या फांदीवर स्वतंत्रपणे उगवली हे मोजायचे. वानर आणि सिंह यांच्या फांद्या फार पूर्वी वेगळ्या झाल्या. म्हणून त्यांची साक्ष खरोखर दोघांची आहे, आणि मामांचे बोलणे त्या अर्थाने मी समजत होतो त्यापेक्षा वजनदार होते. मात्र दोन साक्षीदारांवर सगळ्या गावाचा निकाल लागत नाही.

सगळे गाव २०१४ साली बोलावले गेले. डीटर लुकास आणि एलिझ ह्युशार यांनी सस्तन प्राण्यांच्या २६० जातींची माहिती एकत्र केली. नरांनी पिल्ले मारल्याची नोंद त्यांतील ११९ जातींत होती. म्हणजे निम्म्याहूनही कमी. कायदा तो हा नव्हे. परंतु कोठे होते आणि कोठे होत नाही हे पाहिल्यावर जे दिसले ते महत्त्वाचे आहे. जेथे थोडे नर सगळ्या माद्या आपल्याकडे अडवून ठेवतात, आणि त्यांची सत्ता अल्पकाळ टिकते, तेथे हा प्रकार अधिक. जेथे मादी अनेक नरांशी संग करते, तेथे पिल्लू कोणाचे हे कोणत्याही नराला कळत नाही, मारण्यातला फायदा उरत नाही, आणि काही वंशांत ही वागणूक पुढे नाहीशी झालेलीही दिसते. इतकेच काय, रामनगरच्या वानरांत एका टोळीत अनेक नर असतात, आणि तेथे पिल्लावर परका नर धावून आला तर टोळीतले जुने नर मध्ये पडून त्याचे रक्षण करतात. तेच वानर, तेच दात.

शास्त्राचा शब्द शेवटचा, असे मानणाऱ्यांनी आणखी एक प्रसंग लक्षात ठेवावा. २०१३ च्या जुलैअखेर दोन शोधनिबंध जवळजवळ एकदमच बाहेर आले. एकाने वानर-माकडांच्या कुळातील २३० जाती तपासून सांगितले की एकपत्नीत्व उगवले ते नरांनी पिल्ले मारण्याच्या भीतीतून. बाप जवळ राहिला की पिल्लू वाचते. दुसऱ्याने सस्तन प्राण्यांच्या अडीच हजारांवर जाती तपासून सांगितले की छे, माद्या एकमेकींपासून दूर पसरून राहू लागल्या आणि एका नराला एकीपेक्षा जास्त सांभाळता येईनात, म्हणून. दोन्ही माणसे शहाणी, पद्धत एकाच घराण्याची, उत्तरे उलट. मला यात शास्त्राची फजिती दिसत नाही. उलट, इतक्या जाती मोजूनही ते लोक जपून बोलतात आणि आपण दूरदर्शनवर एक वानर पाहून पोराचे ठिकाण ठरवितो, याची लाज वाटते.

कित्येक वाचक म्हणतील, मासिकात ही उत्क्रांतीची भानगड कशाला? माणूस मुळी प्राण्यांपैकी नव्हेच, असे म्हटले की झाले. मला ते उत्तर पटत नाही. आपण मातीचे आहोत हे आपणच प्रत्येक दफनाच्या वेळी म्हणतो. मग त्याच मातीच्या इतरांशी नाते निघाले तर अपमान कसला? आणि त्या उत्तरात एक पळवाटही आहे. कॅनडातील मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी १९८० च्या दशकात गुन्ह्यांचे आकडे तपासून दाखविले की लहान मुलांना जिवे मारण्याचे प्रकार सावत्र बापाच्या घरी सख्ख्या बापाच्या घरापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात घडतात. २००० साली स्वीडनचे आकडे तपासणाऱ्यांना तसे आढळले नाही, आणि त्यावरही वाद झाला. पण हा विषय दडपून ठेवण्यासारखा नाही. सावत्रपणाच्या कथा आपल्याकडे उगाच झालेल्या नाहीत. तरी दोन गोष्टी त्याच बरोबर सांगितल्या पाहिजेत. असे प्रकार मुळात फार विरळ. सावत्र बापांपैकी बहुतेक सगळे पोराला वाढवितात. आणि डेली-विल्सन यांनी स्वतःच म्हटले आहे की माणसातली ही क्रूरता वानरासारखी लाभाची वागणूक नव्हे. माया कमी पडते तेथे संयम सुटतो, एवढेच.

मग मामांच्या वाक्यातून काय उरते? वानराची अट अशी, की सत्ता थोड्या दिवसांची, माद्या एकाच्याच ताब्यात, आणि तान्हे पिल्लू त्याच्या वाटेत उभे. मास्तराच्या लग्नात यांतली एकही अट मला दिसत नाही. जन्माचा संसार मांडणारा हा माणूस, आणि मुलगा चार वर्षांचा, शेजारच्या अंगणात चाकाचा गाडा फिरविणारा.

पण समजा, तिन्ही अटी जुळल्या असत्या. समजा, अडीच हजार जातींनी एकमुखाने साक्ष दिली असती. तरीसुद्धा ‘पोराला आजोळी ठेवा’ हे त्यातून निघाले असते काय? डेव्हिड ह्यूम यांनी १७४० साली लेखकांची एक लबाडी पकडली. ‘असे असते’ असे लिहीत लिहीत ते नकळत ‘असे असावे’ वर येतात आणि मधली पायरी दाखवीतच नाहीत. मामांनी ती पायरी एका घोट चहात ओलांडली. धोका आहे एवढे जर खरे ठरले, तर त्यातून पोराला दूर करा असेही निघते आणि पोराला अधिक जपा असेही निघते. यांतले कोणते, हे वानर सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते, आणि ठरविण्याचे ओझे नको म्हणून आपण वानराला पुढे करतो. गंमत अशी की जे उत्क्रांतीचे नावही काढू देत नाहीत तेही हेच करतात. फक्त ‘निसर्ग’ न म्हणता ‘मनुष्यस्वभाव पापी आहे’ म्हणतात आणि तेथेच बसतात. मी व्यासपीठावरून हे ऐकले आहे, आणि स्वतःही बोललो आहे.

वानराला खुनी म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे दोन वाटा नव्हत्या. ज्याच्यापुढे दोन वाटा नव्हत्या तो दोषी नसतो, हे आपण लगेच मान्य करतो. पण तोच आपला गुरूही होऊ शकत नाही, हे मान्य करायला का जड जाते कोण जाणे.

तुलनेचा उपयोग मात्र मला आता पूर्वीपेक्षा अधिक वाटतो. क्रूरता कोणाच्या रक्तात आहे हे ती सांगत नाही. कोणत्या जागी वाढते हे सांगते. एकाच्याच हाती सगळे, आणि तेही थोड्या दिवसांपुरते, अशी जागा. हे वाचताना मला जंगल आठवले नाही, आपल्या ओळखीची कितीतरी घरे आणि संस्था आठवल्या.

पंधरा दिवसांनी मी वारासिवनीला जाऊन मास्तरांना भेटलो. मामा नव्हते. मी हे सगळे, येथे लिहिले आहे त्याहून विस्कळीतपणे, त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, “काका, त्या वानराला कळतं का, की हे पोर आपलं नाही?”

मी म्हटले, कळते असे नाही. त्या पिल्लाच्या वेळी आपण टोळीत होतो की नव्हतो, एवढ्यावर त्याचे वागणे ठरते असे दिसते.

“मला तर कळतं,” ते म्हणाले. “सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत त्याचं नाव घालताना बापाचं नाव त्याच्या बापाचंच राहील. माझी हरकत नाही.” मग म्हणाले, “मामांना तुम्ही सांगा. माझं ते ऐकायचे नाहीत.”

मी मामांना सांगितले. त्यांना पटले नाही. दोन-तीन प्रश्न त्यांनी असे विचारले की मला पुन्हा पुस्तक काढावे लागले. परवाच्या रविवारी उपासनेच्या शेवटी लग्नाची सूचना वाचण्यात आली. मामा दुसऱ्या रांगेत बसले होते, आणि मुलगा बाकाखाली कोणाच्या तरी चपला मोजत होता.